वाचनाची वाट

डेटाबेसचे दप्तर सांभाळण्यात ज्याची काही वर्षे गेली आहेत, त्याला हे अनुभवाने ठाऊक असते, की लेखनाचा प्रश्न बाहेरून कितीही गहन भासला, तरी पोस्टग्रेससारख्या व्यवस्थेत तो पुष्कळसा सुटलेला असतो. कारण तेथे लेखनाचा अधिकार एकट्या प्रायमरी सर्व्हरकडे असतो, आणि प्रत्येक बदल प्रथम त्याच्या ‘वॉल’ नामक रोजनाम्यात दाखल होऊन मग क्रमाने रेप्लिकांकडे रवाना होतो. खरी पंचाईत आहे ती वाचनाची.

वाचन कोठे न्यावे, याचा निवाडा पुष्कळ ठिकाणी मध्ये बसवलेल्या प्रॉक्सीवर सोपवलेला असतो. आणि ही प्रॉक्सी, अर्जाचा केवळ मायना पाहून तो पुढे सरकवणाऱ्या कारकुनाप्रमाणे, विनंतीचा पहिला शब्द ‘सिलेक्ट’ आहे एवढे पाहून ती निःशंकपणे रेप्लिकेकडे धाडते. परंतु क्रमांकमालिकेतून पुढचा क्रमांक मागणारी ‘सिलेक्ट’ दिसायला वाचन असून कृतीने लेखन असते, आणि रेप्लिका ती साफ नाकारते. हा नकार मला उपकारकच वाटतो, कारण घोटाळा जागच्या जागी उघड होतो. घातक ठरते ते रेप्लिकेने बिनतक्रार दिलेले शिळे उत्तर.

ग्राहकाने पत्ता बदलावा, बदल जतन झाल्याची पोच त्याला मिळावी, आणि पुढच्याच क्षणी पानावर जुना पत्ता झळकावा, यात काहीही बिघडलेले नसते. रेप्लिका किंचित मागे असते, इतकेच. यावर सिंक्रोनस रेप्लिकेशनचा तोडगा तत्परतेने सुचवला जातो. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २०११ पासून आहे. पण तिच्या नेहमीच्या मांडणीत प्रायमरी सर्व्हर थांबतो तो रेप्लिकेने रोजनामा आपल्या डिस्कवर उतरवून घेईपर्यंत, त्यातील नोंदी तक्त्यांना लागू होईपर्यंत नव्हे. म्हणजे बदल सुरक्षित झाला, दृश्य झाला नाही! लागू होईपर्यंत थांबण्याची मुभा २०१६ च्या आवृत्तीत आली, आणि तिचे मोल प्रत्येक लेखनाला विलंबाच्या रूपाने चुकवावे लागते. डायनॅमोच्या धर्तीच्या व्यवस्था तीन प्रतींपैकी दोहोंवर लिहून दोहोंकडून वाचतात, जेणेकरून एक तरी प्रत समाईक राहावी. ती वाट निराळी, तिच्या अडचणीही निराळ्या.

मला न्याय्य वाटतो तो झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातील डग टेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली मांडलेला विचार: साऱ्यांना एकाच क्षणी एकच चित्र दाखवण्याचा अट्टाहास नसला तरी चालेल, परंतु ज्याने लिहिले त्याला निदान स्वतःचे लेखन दिसावे. त्यासाठी लेखन होताच रोजनाम्यातील त्याचे स्थान ग्राहकाच्या सत्रासोबत टिपून ठेवावे, आणि त्या स्थानापर्यंत पोचलेल्या रेप्लिकेकडेच त्याचे पुढील वाचन न्यावे. तशी एकही नसेल, तर प्रायमरीकडे.

मासिक अहवाल चाळणाऱ्याला हे बंधन नको. शिल्लक पाहून रक्कम वळती करणाऱ्याला याहून कडक हवे. हा भेद विनंतीच्या अक्षरांत कोठेच लिहिलेला नसतो. तो ठाऊक असतो प्रोग्राम लिहिणाऱ्याला. तेव्हा वाचनाची वाट त्यानेच नमूद करावी, आणि जेथे त्याने काहीच नमूद केले नसेल, तेथे प्रॉक्सीने स्वतःची अक्कल न चालवता वाचन प्रायमरीकडे न्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.