सर्व्हर जागा हाये का?

तर झालं असं की, मागच्या ऑक्टोबरात एका रविवारी रात्री साडेनऊला अकोल्याहून फोन आला. मी अमरावतीत, घरी, ताटावर बसलेलो. फोनवर लॅबमधल्या ताई.

"दादा, रिपोर्ट तं तयार हायेत, पन पान उघडूनच नाई राह्यलं. नुसतं गोल गोल फिरून राह्यलं."

मी घास गिळत छातीठोकपणे सांगितलं, "ताई, तुमचं नेट बघा. सर्व्हर चालू आहे. बंद पडला असता तर मला मेल आला असता."

"नेट चालू हाये जी. आत्ताच तुम्हाले व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, तो आला ना?"

आला होता. गोल गोल फिरणाऱ्या पानाचा फोटो.

आता थोडं मागे जातो. ही लॅब माझ्या मित्राच्या वडिलांची. छोटीच आहे, पण तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूरहून तिथे रक्ताचे नमुने येतात. रक्तपेशी मोजणारं मशीन मोजणी झाली की आकडे नेटवर्कवरून सर्व्हरकडे पाठवतं. सर्व्हरवरचा प्रोग्रॅम ते डेटाबेसमध्ये टाकतो आणि पेशंटला मोबाईलवर रिपोर्ट दिसतो. हा प्रोग्रॅम मी लिहिलेला, पायथॉनमध्ये, सुट्टीच्या दिवशी बसून. त्यामुळे पुढे जे काही झालं त्यात लॅबचा काही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आणि त्या प्रोग्रॅमवर पहारा ठेवायला मी मॉनिट बसवलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मॉनिट हा लिनक्सवर चालणारा छोटासा प्रोग्रॅम. दर ठरावीक सेकंदांनी उठतो, आपण सांगितलेल्या गोष्टी तपासतो आणि बिघाड दिसला तर मेल पाठवतो किंवा स्वतःच प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करतो. नागिओससारखा मोठा बारदाना नाही (तो १९९९ मध्ये नेटसेंट नावाने सुरू झाला, २००२ मध्ये त्याचं नाव बदललं). मॉनिटचं सगळं एका फाईलमध्ये, आणि तीही जवळजवळ साध्या इंग्रजी वाक्यांत. चेक प्रोसेस अमुक, विथ पिडफाईल तमुक, इफ फेल्ड पोर्ट ८०८० देन रीस्टार्ट. झालं! फक्त फाईलची परवानगी सैल ठेवली तर मॉनिट सुरूच व्हायला नकार देतं, कारण तिच्यात पासवर्ड असतात. पहिल्या दिवशी माझा अर्धा तास यातच गेला होता.

पिडफाईल म्हणजे चालू प्रोसेसचा क्रमांक लिहिलेली फाईल. तिचीही एक गंमत आहे. मी ती प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्येच ठेवली होती. एकदा लाईट गेली, सर्व्हर धाडकन बंद पडला आणि पुन्हा चालू झाल्यावर जुना क्रमांक त्या फाईलमध्ये तसाच राहिला. तोच क्रमांक योगायोगाने दुसऱ्याच कुठल्या प्रोसेसला मिळाला. मॉनिट म्हणे, आहे की जिवंत! बरं की पोर्टची तपासणीही होती, तिच्यामुळे कळलं. तेव्हापासून ती फाईल 'रन' फोल्डरमध्ये ठेवतो. ते मेमरीत असतं, मशीन बंद झालं की साफ.

असो. रविवारच्या रात्रीकडे येतो.

ताट बाजूला सारून लॅपटॉप उघडला. मॉनिटचं पान हिरवंगार. प्रोसेस चालू, पोर्ट चालू, मेमरी ठीक, प्रोसेसर तर आळसावलेला. पण ब्राउझरमध्ये रिपोर्टचं पान उघडलं तर तेच गोल गोल. मग 'एसएस' चालवलं. पूर्वी यासाठी नेटस्टॅट वापरायचे, अजूनही पुष्कळ जण वापरतात. (नेटस्टॅट आलं १९८३ च्या बीएसडी युनिक्समध्ये. आपलं अमरावती विद्यापीठही १९८३ चंच. दोघांनाही अजून काम आहे :-) )

एसएसने मशीनवरच्या सगळ्या नेटवर्क जोडण्या दाखवल्या आणि मी बघतच राहिलो. एका पोर्टवर ९९१ जोडण्या. सगळ्या क्लोज-वेट अवस्थेत.

क्लोज-वेटचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. नेटवर्कची जोडणी दोन्ही बाजूंनी बंद करावी लागते. समोरच्याने "माझं झालं" म्हटलं आणि आपल्या प्रोग्रॅमने अजून फोन ठेवलेला नाही, अशी ही अवस्था. हिची भावंडं, म्हणजे टाइम-वेट वगैरे, आपोआप संपतात. लिनक्सवर टाइम-वेटचा एक मिनिट असतो. क्लोज-वेटला मात्र मुदतच नाही. आपला प्रोग्रॅम फोन ठेवेपर्यंत ती तशीच लटकून राहते. म्हणून हजारभर क्लोज-वेट दिसल्या की नेटला शिव्या घालायच्या नसतात. दोष आपल्या घरचा असतो.

आणि एका प्रोसेसने एका वेळी किती फाईली आणि जोडण्या उघड्या ठेवाव्यात यालाही मर्यादा असते, साधारणपणे १०२४. ९९१ ह्या, बाकी लॉग, डेटाबेस, लायब्ररी. ताट भरलं. प्रोग्रॅम मेला नव्हता, पण नवीन कोणाला घ्यायला हात मोकळा नव्हता.

मग पोर्टची तपासणी पास कशी होत होती? याचं उत्तर सापडेपर्यंत मला दोन दिवस चैन पडली नाही. पोर्टवर जोडणी आली की ती उचलतो तो आपला प्रोग्रॅम नव्हेच, तो असतो कर्नल. कर्नल "हो, बोला" म्हणून पाहुण्याला ओसरीवर बसवतो. आतून प्रोग्रॅम येऊन त्याला घरात नेणार, अशी अपेक्षा. प्रोग्रॅम आलाच नाही तरी ओसरीवर जागा असेपर्यंत पाहुणे बसत राहतात. माझ्या ओसरीवर १२८ जणांची जागा होती. मॉनिट दर दोन मिनिटांनी दार वाजवायचं, कर्नल "हो" म्हणायचा, मॉनिट खूश होऊन परत. पाहुणा मात्र ओसरीवरच पडून. म्हणजे माझा पहारेकरीच ओसरी भरत होता. ती पूर्ण भरल्यावर, चारेक तासांनी, त्याला बिघाड कळला असता. ताईंना आधी कळलं.

आमच्या आजोबांची आठवण झाली. ते शेतात जागलीला जायचे. ज्वारी कणसात आली की रानडुकरांपायी रात्रभर मचाणावर. शेजारच्या धुऱ्यावरचा जागल्या मधूनच हाळी द्यायचा, "जागा हायेस का रे?" कंदील तर दोघांनाही लांबून दिसायचा. पण कंदील पेटलाय म्हणजे माणूस जागा आहे असं कोणी धरायचं नाही. उलट हाळी यायला पाहिजे.

त्या रात्री मी हातानेच प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला. पान लगेच उघडलं. ताईंना काय झालं ते सांगितलं, त्यांनी संध्याकाळपासूनचे रिझल्ट मशीनच्या मेमरीतून पुन्हा पाठवले. डेंग्यूचे दिवस होते. एका पोराचे वडील इथे अमरावतीतच दवाखान्यात होते, नमुना अकोल्याच्या लॅबला गेलेला, आणि तो प्लेटलेटच्या आकड्यासाठी ताटकळत होता. ताईंनी त्याला आकडा आधीच फोनवर वाचून दाखवला होता. मशीनच्या स्क्रीनवरून.

दुसऱ्या दिवशी मी मॉनिटची फाईल सुधारली. नुसतं पोर्ट नाही, प्रोटोकॉल एचटीटीपी. एक ठरावीक पान माग, पाच सेकंदांत नीट उत्तर आलं नाही तर नापास. दोनदा लागोपाठ नापास झालं की रीस्टार्ट. म्हणजे आता उलट हाळी आल्याशिवाय सुटका नाही. मी जाम खूश. इतका, की ९९१ जोडण्या मुळात लटकल्या का हे बघायचं 'पुढच्या वीकांताला' ठरवलं. पुढचा वीकांत म्हणजे काय ते सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायला नको.

त्यानंतर साडेतीन महिने एकही फोन नाही. दिवाळी गेली, हुरड्याचे दिवस आले. मॉनिटचे मेल यायचे, पण ते मी वेगळ्या फोल्डरमध्ये वळवले होते. सुरुवातीला उघडून बघायचो. "रीस्टार्ट केलं, आता ठीक आहे." ठीक आहे ना, मग काय.

जानेवारीच्या शेवटी काकांचा फोन आला. रागावले नव्हते, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तेल्हाऱ्याच्या एका चार महिन्यांच्या बाळाचं रक्त तपासणीला आलं होतं. तपासणी झाली, पण रिपोर्ट दुसऱ्या दिवशीही 'प्रतीक्षेत' दाखवत राहिला. तिकडच्या माणसाला वाटलं नमुना खराब झाला. त्याने बाळाच्या आईला बोलावून पुन्हा रक्त काढलं. एवढ्याशा बाळाची शीर सापडायला किती सुया लागतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. आणि पहिल्या नमुन्याचे आकडे मशीनच्या मेमरीत व्यवस्थित होते.

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एस.टी.ने अकोला गाठलं. (हा तोच रस्ता, ज्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. बसमध्ये बसल्या बसल्या मनात आलं, लोक एवढ्यात रस्ता करतात आणि आपल्याला साडेतीन महिन्यांत एक यादी तपासता आली नाही.) मागच्या खोलीत सर्व्हरसमोर बसून लॉग काढला. दर दहा-अकरा दिवसांनी एक, असे ९ रीस्टार्ट. मग मशीनची मेमरी आणि डेटाबेस शेजारी ठेवून एकेक आकडा जुळवला. ११ रिझल्ट डेटाबेसला पोचलेच नव्हते. दहा ताईंच्या लक्षात आले होते, त्यांनी "मशीनचं असं होत राह्यते कधी कधी" म्हणून स्वतः पुन्हा पाठवले होते. अकरावा त्या बाळाचा.

का गेले? तीच ओसरी. प्रोग्रॅम अडकल्यापासून मॉनिटने रीस्टार्ट करेपर्यंतची तीन-चार मिनिटं. तेवढ्यात मशीनने आकडे पाठवले, कर्नलने "मिळाले" म्हणून ठेवून घेतले, मशीन मोकळं झालं. मग मॉनिटने प्रोग्रॅम बंद केला, आणि ओसरीवरचं सगळं कर्नलने झाडून टाकलं. ऑक्टोबरात हेच झालं होतं, पण तेव्हा ताईंना माहीत होतं, म्हणून त्यांनी पुन्हा पाठवलं. नंतर मॉनिटने कोणाला कळूच दिलं नाही. मी त्याला तेच तर सांगितलं होतं.

आणि मूळ कारण? मशीन पहिल्यांदा जोडलं तेव्हा तपासणीसाठी मी प्रत्येक जोडणी एका यादीत ठेवत होतो. यादीत आहे म्हणजे वापरात आहे असं समजून पायथॉन ती बंद करत नव्हता. काम झाल्यावर ती ओळ काढायला विसरलो. दोन वर्षं काही बिघडलं नाही, कारण आठ दिवसांत एकदा तरी लाईट जायची, सर्व्हर बंद पडायचा आणि यादी रिकामी व्हायची. नवरात्रात काकांनी चांगला मोठा इन्व्हर्टर घेतला. त्यानंतरच पहिल्यांदा आकडा हजाराजवळ पोचला. म्हणजे इतके दिवस माझा प्रोग्रॅम भारनियमनाच्या कृपेने चालत होता :-)

ती ओळ काढली. काम झालं की जोडणी स्वतःहून बंद करायची ओळ घातली. मशीन आणि डेटाबेसचे आकडे रोज रात्री जुळवून बघणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. मॉनिटमध्ये 'चेक प्रोग्रॅम' म्हणून सोय आहे, तिच्यात आपली स्क्रिप्ट लावता येते. तिथे क्लोज-वेट मोजायला ठेवल्या, ५० च्या वर गेल्या तर नुसती बोंब, रीस्टार्ट नाही. रीस्टार्ट झालाच तर मेल मला आणि एसएमएस ताईंना, म्हणजे त्या शेवटच्या दहा मिनिटांचे रिझल्ट पुन्हा पाठवतील. सर्व्हरच बंद पडला तर त्याच्यावरचं मॉनिट काय सांगणार, म्हणून अमरावतीला माझ्या घरी एका जुन्या लॅपटॉपवर दुसरं मॉनिट, ते बाहेरून पान मागतं. मेलचा तो वेगळा फोल्डर उडवला.

काकांना म्हटलं, त्या बाळाच्या घरी फोन करून मीच सांगतो. ते म्हणाले, "राहू दे, मी बोललो." नंबर त्यांनी दिला नाही.

निघताना ताई म्हणाल्या, "मंग आता म्या फोन नाई करायचा का?" म्हटलं, करा, नक्की करा, मेल यायच्या आधी करा.

काल रात्री मोजल्या तेव्हा क्लोज-वेट ३ होत्या. शून्य असायला हव्यात. ह्या तीन कुठल्या, ते आज बघतोय.