पोहऱ्याचा दोर आणि तलावांतील केबल

म्हातारपणीं माणसास दोन गोष्टींची भूक फार असते. कोणीतरी आपले चार शब्द ऐकून घ्यावेत ही एक, आणि आपल्या हातून घरचें कांहीं काम व्हावें ही दुसरी. पहिली भूक आमची लेखणी भागविते. दुसरीनें मात्र २०२३ सालच्या उन्हाळ्यांत आम्हांस चांगलाच धडा दिला. तो वाचकांस सांगावा असें वाटतें.

त्या वर्षीं आम्ही सहकुटुंब अमेरिकेंत आरिझोना संस्थानांतील फिनिक्स शहरीं चिरंजीवांकडे गेलों होतों. शहर वाळवंटांतलें, तेव्हां उन्हाळा कडक असावयाचाच. परंतु त्या सालीं ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले सुमारें ४३ अंश, किंवा त्याहून वर गेला. पूर्वीचा १९७४ सालचा उच्चांक १८ दिवसांचा होता. अशा गांवीं परसांत पोहण्याचा तलाव असणें ही निव्वळ चैन मानली जात नाहीं. आमच्या मुलाच्या घरींहि तो आहे.

तलाव म्हटला कीं त्याची झाडलोट आली. वादळाची धूळ तळाशीं बसते, बोगनवेलीचीं फुलें वाऱ्याबरोबर पाण्यांत पडतात. हें सारें काढण्यासाठीं चिरंजीवांनीं एक यंत्र घेतलें होतें. तें पाण्याखालीं तळावरून रांगतें, भिंती चढतें, ब्रशांनीं शेवाळ घासतें आणि पाणी पोटांतून नेऊन कचरा आपल्या जाळींत अडकवून ठेवतें. त्यास वीज पुरविणारी साठ फूट लांबीची तरंगती केबल काठावरील एका पेटीस जोडलेली असते. घरांतील १२० व्होल्टांची वीज ३० व्होल्टांच्या आंत आणून ती पेटी यंत्रास देते.

हें काम आम्हीं मागून घेतलें. सूनबाई म्हणाली, “असूं द्या बाबा, मी करीन.” पण आम्हीं ऐकलें नाहीं. आमच्या बालपणीं वाड्याच्या विहिरीवर पोहऱ्याचा दोर गुंडाळून ठेवण्याचें काम आमच्याकडे असे. तळहात आणि कोपर यांच्याभोंवतीं भराभर वेढे द्यावयाचे आणि दोर खुंटीस अडकवावयाचा. तीच विद्या आम्हीं येथें चालविली. झाडणें संपलें कीं केबल धरून यंत्र वर ओढावें, कोपराभोंवतीं वेढे द्यावेत, आणि कामगिरी झाली म्हणून चहा मागावा!

तिसऱ्या आठवड्यांत यंत्राची चाल बिघडूं लागली. पाण्यावर केबलचे वेटोळे होत आणि यंत्र घाण्याच्या बैलासारखें एकाच जागीं फिरे. अर्धा तलाव तसाच मळलेला राही. यंत्रच हलक्या प्रतीचें, असें निदान करून आम्हीं तें जेवतांना बोलूनहि दाखविलें. सूनबाई गप्प राहिली. पुढच्या खेपेस यंत्र पुन्हा सरळ चाले, आणि त्याचें श्रेय आम्ही आपल्या हातगुणास देत असूं.

खरा प्रकार एका रात्रीं कळला. पाणी पिण्यास उठलों तों परसांत दिवा दिसला. दिवसभर कचेरी आणि संध्याकाळीं स्वयंपाकघर सांभाळून सूनबाई तेथें बसली होती. केबल तिनें पेटीपासून सोडवून फरशीवर लांबवर पसरली होती, आणि वीतवीत हातांतून फिरवीत तिचा पीळ काढीत होती. रात्रीचे अकरा वाजले तरी हवा भट्टीसारखी होती. आम्ही पडद्याआड क्षणभर उभे राहिलों आणि लाजून तसेच अंथरुणावर परतलों. तेव्हांच बोलावयास हवें होतें, बोललों नाहीं.

त्या न बोलण्याची किंमत पुढल्या शनिवारीं कळली. तलावाभोंवतीं उंच कुंपण आहे आणि त्याचें फाटक आपोआप मिटतें. यंत्र दोन्ही हातांनीं नेतांना सोईचें पडावें म्हणून आम्हीं तें खुर्ची लावून उघडें ठेवलें, आणि खुर्ची काढण्यास विसरलों. यंत्र चालूं असतां पाण्यांत कोणीं उतरूं नये, हा त्या घरचा नियम. पण सात वर्षांच्या नातवास फाटक उघडें दिसलें आणि त्यानें उडी घेतली. पोहण्यांत तो तरबेज. परंतु केबलचा एक वेढा त्याच्या घोट्याभोंवतीं बसला, आणि यंत्र पलीकडच्या भिंतीकडे निघालें तसा तो आवळला. पोर ओरडलें. आम्हीं काय करावें? तीच केबल जोरानें ओढूं लागलों! सूनबाई धांवत आली. तिनें प्रथम पेटीचा खटका बंद करून प्लग काढला आणि मग पाण्यांत उतरून त्याचा पाय सोडविला. घोट्यावर लाल वळ उठला, एवढ्यावर निभावलें. ती आम्हांस एक शब्दहि बोलली नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें.

संध्याकाळीं आम्हीच तिच्याजवळ जाऊन बसलों. म्हटलें, “सूनबाई, रात्रीं तूं पीळ काढीत होतीस, तें आम्हीं पाहिलें होतें. चूक आमची. आतां नीट शिकव.” ती खालीं पाहून म्हणाली, “बाबा, तुमच्या हाताला काम हवं असतं, हें मला कळत होतं. म्हणून बोलले नाहीं.”

तिनें शिकविलें तें असें. कोपराभोंवतीं दिलेल्या प्रत्येक वेढ्यागणिक केबलला एक पीळ बसतो. विहिरीच्या दोरासहि तो बसे. पण टोंकाचा पोहरा लोंबतां लोंबतां गरगर फिरे आणि तो पीळ सोडवी. केबलचें एक टोंक पेटींत घट्ट आणि दुसरें यंत्रांत घट्ट. पिळानें जावें कोठें? कांहीं यंत्रांच्या केबलमध्यें फिरती कडी असते, ती पोहऱ्याचें काम करते. आमच्या यंत्रास ती नव्हती. म्हणून केबल जमिनीवर मोठ्या वेढ्यांनीं, एक सुलट व एक उलट, इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणें ठेवावी. एकाचा पीळ दुसरा काढतो. मधूनमधून ती सोडवून सकाळच्या कोंवळ्या उन्हांत सरळ पसरावी, म्हणजे उबेनें नरम होऊन तिचें जुनें वळण जातें. पाण्यांत सगळी केबल सोडूं नये. दूरच्या कोंपऱ्यास पोंचून थोडी उरेल एवढीच सोडावी. पेटी लांब बाजूच्या मध्यावर, पण पाण्यापासून दहा-बारा फूट दूर असावी. वीज गळतांच प्रवाह तोडणारा खटका जेथें बसविला आहे, तेथेंच तिचा प्लग लावावा.

यंत्राचीहि रीति आहे. पाण्यांत सोडतांना बुडबुडे थांबेपर्यंत तें बुडवून हलवावें, म्हणजे तळाशीं बसतें. कोरडें कधीं चालवूं नये, कारण पाण्यानेंच त्याची मोटर थंड राहते. केबलनें त्यास काठापर्यंत हळूच आणावें, पण वर उचलावें तें मुठीस धरून. नाहीं तर ओल्या यंत्राच्या भारानें आंतील तांब्याच्या तारा तुटतात. मग पाणी निथळूं द्यावें, जाळी धुवावी, ब्रशांत गुंतलेले केस काढावेत आणि यंत्र सावलींत ठेवावें.

उरलेले दोन महिने तें काम आमच्याकडेच राहिलें, आणि रात्रीं परसांत पुन्हा दिवा लागला नाहीं. घरांत काम मागण्याचा वडील माणसांस हक्क आहे. पण तें धाकट्यांकडून शिकून घेण्यांत कमीपणा नाहीं, हें साऱ्या आयुष्यांत जें उमगलें नव्हतें तें त्या साठ फुटांनीं उमगलें.

आतां आम्ही पुण्यास आहों. तें काम नातवाकडे आलें आहे, अर्थात् आईच्या देखरेखीखालीं. रविवारीं फोनवर तो सांगतो, “आजोबा, केबल मी आठासारखीच ठेवली.” आम्ही म्हणतों, “शाबास! आणि फाटक?” “लावलं आजोबा,” असें उत्तर आलें म्हणजे मग इकडच्या तिकडच्या गोष्टी सुरू होतात.