पांढरी वायर

बिरशाला आमच्या घरी १९८३ साली मोटार आली. नवी नव्हे, नागपूरच्या एका गृहस्थांनी वापरलेली, १९७७ सालची अँबॅसेडर. बाबांचा धानाचा व्यवहार आणि नातीगोती सगळी गोंदिया-भंडाऱ्याकडे. १९५६ साली प्रांतांची वाटणी झाली तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि मामा-मावश्या मुंबई राज्यात गेल्या. त्यामुळे सण जवळ आला की आमच्या घरी पहिला प्रश्न निघे तो जायचे कसे, हा.

गाडीसाठी बैहरकडचे एक पोवार गृहस्थ ठेवले. आम्ही मुले त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत असू. आमच्याशी हिंदीत बोलायचे, गाडीशी पोवारीत. आईचे मराठी त्यांना सगळे कळे, पण उत्तर हिंदीतच.

पुढच्या वर्षी मी हट्टाने गाडीत टेपरेकॉर्डर बसवून घ्यायचे ठरवले. बाबांनी बालाघाटच्या मिस्त्रीची मजुरी म्हणून चाळीस रुपये दिले. मी सतरा वर्षांचा, अकरावीत विज्ञान घेतलेला. मिस्त्री कशाला हवा? चाळीस रुपये खिशात घातले आणि डॅशबोर्डखाली उताणा पडून टेप स्वतःच बसवला. किल्ली फिरवली तरच टेप वाजावा म्हणून किल्लीकडून कॉईलकडे जाणारी पांढरी वायर कापली, तिच्या दोन्ही टोकांना टेपच्या वायरीचे टोक मिळवून पीळ घातला, वर काळी टेप गुंडाळली. झाळ दिली नाही. टेप वाजू लागला. बाबा म्हणाले, "मिस्त्रीनं काम चांगलं केलं."

दुसऱ्या पावसाळ्यापासून गाडी रुसू लागली. सपाटीवर ठीक चाले, चढणीवर आचके देई आणि बंद पडे. दहा-पंधरा मिनिटे बोनेट उघडून उभे राहिले की जणू काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू. असा रोग सर्वांत वाईट. पूर्ण बंद पडलेली गाडी तरी खरे बोलते. काकांनी पॉइंट घासले, त्यांचे अंतर पातीने मोजून लावले, कंडेन्सर बदलला, डेल्कोचे टोपण पुसले. दोन वायरी जोडलेला एक छोटा दिवा त्यांच्याकडे असे. तो कॉईलला लावून पाहत आणि डोके खाजवत. "करंट तो आ रहा है, छोटे भैया. फिर ये जी क्यों चुरा रही है?"

शेवटी बाबांनी गोंदियाहून नवा कॉईल आणला. काकांनी तो बसवला आणि महिनाभर गाडी शहाण्यासारखी वागली.

१९८६ सालच्या महालक्ष्म्यांना आम्ही गोंदियाला मावशीकडे गेलो होतो. परत येताना पाऊस, संध्याकाळ, आईच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. बालाघाट सोडून गांगुलपाऱ्याचा घाट चढू लागलो आणि गाडीने आचका दिला. बाबा खाली उतरले. पावसात उभे राहून त्यांनी विचारले, "नया कॉईल कहाँ गया? बेच के पुराना लगा दिया न?"

काका काहीच बोलले नाहीत. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी आम्हाला उकवा, बैहर करीत बिरशापर्यंत नीट आणून सोडले. सकाळी किल्ली तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली आणि गेले. पगारसुद्धा मागितला नाही. आई बाबांना एवढेच म्हणाली, "काहून बोललात तसं?" बाबांनी उत्तर दिले नाही.

मला तेव्हा खरे ठाऊक होते का? नव्हते. पण डॅशबोर्डखालच्या त्या पिळाची आठवण घाटात मला झाली होती, हे मात्र खरे. मी गप्प बसलो.

पुढे मारुती आली, अँबॅसेडर पडवीत गेली. मी नागपूरला स्थायिक झालो. २०१४ साली उत्तरपाड्याच्या कारखान्यात ही गाडी निघणे बंद झाले आणि जुन्या गाड्यांचे शौकीन विचारणा करू लागले. बाबा गेल्यावर, २०१९ साली, जबलपूरचा एकजण म्हणाला, चालू करून द्या, घेतो. मी आणि भाचा कामाला लागलो. नवी बॅटरी, टाकी धुतली, पॉइंट घासले. गाडी सुरू झाली, पाच मिनिटे चालली, आणि तोच जुना आचका!

भाच्याकडे मीटर होता. बॅटरीवर बारा व्होल्ट. किल्ली फिरवून, पॉइंट मिटलेले असताना कॉईलवर जेमतेम सात. मग भाच्याने बॅटरीपासून कॉईलपर्यंत तात्पुरती दुसरी वायर जोडली. इंजिन एकसारखे चालू लागले. (असे केले की किल्लीने इंजिन बंद होत नाही, वायरच काढावी लागते, आणि इंजिन बंद असता ती लावून ठेवली तर कॉईल जळायची भीती.) म्हणजे दोष कॉईलमध्ये नव्हता, कॉईलकडे येणाऱ्या वाटेत होता. काकांच्या दिव्याने त्यांना फसवले ते इथेच. त्या दिव्याला करंट लागतो अगदी थोडा, तेवढा खराब सांध्यातूनही जातो. कॉईल त्याच्या कितीतरी पट ओढतो. तेव्हा सांधा तापतो आणि व्होल्ट तिथेच गळतात. सपाटीवर दुबळी ठिणगी भागवून नेते. चढणीवर सिलिंडरमधला दाब वाढला की तिचे काही चालत नाही. नवा कॉईल बसवताना वायरी हलल्या, सांधा तेवढ्यापुरता बसला, महिनाभर बरे वाटले.

मीटर धरून मागे मागे जात भाचा डॅशबोर्डखाली शिरला. "मामा, इथे कोणीतरी गाढवानं पीळ घातलाय." काळी टेप चिकट होऊन ओघळली होती. आत तांब्याच्या तारा हिरव्यागार. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकते ना, तोच रंग. आमच्याच तहसिलीत मलाजखंडला तांब्याचा डोंगर फोडतात. तांबे उघडे आणि ओले राहिले की काय होते हे आम्हाला वेगळे शिकायला नको होते.

मी नवी वायर टाकली, सांध्यांना झाळ दिली. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन बैहरकडे निघालो.

काका अंगणात बाजेवर बसले होते. सत्तरी ओलांडलेली, डोळे अधू. पण आवाजावरून गाडी ओळखली. मी मराठीतच सगळे सांगितले, पीळ मी घातला होता हेही. ते ऐकत राहिले. मग विचारले, "कॉईल वही है?"

"तोच आहे, काका."

"पट्टी के नीचे देखना. लगाया उसी दिन पेचकस से तीन लकीर खींची थी. बाबूजी को दिखाता, पर उन्होंने देखने को कहा ही नहीं."

तेवढ्यात त्यांच्या सुनेने चहा आणला, आणि त्यांनी आईची चौकशी केली.

घरी येऊन मी बोनेट उघडले, कॉईलची पट्टी सैल केली. बोटाने धूळ पुसली. तीन रेघा होत्या. पट्टी पुन्हा आवळली आणि जबलपूरच्या माणसाला गाडी विकायची नाही म्हणून कळवले. चाळीस रुपयांचे मात्र मी काकांना सांगितले नव्हते; ते आज इथे प्रथमच.