सूज उतरली, दुखणं राहिलं

संधिवातावर मेथोट्रेक्सेट सुरू झालं आणि माझ्या उजव्या गुडघ्याची सूज उतरली. रक्तातले दाहाचे आकडे, ईएसआर आणि सीआरपी, दोन्ही खाली आले. घरच्यांनी कपिलेश्वराला नारळ फोडला. दुखणं मात्र हटेना, उलट पसरलं. आधी सांधा तेवढा दुखायचा, आता नडगी आणि घोटाही. रात्री पांघरुणाची कड घासली तरी कळ यायची. शेजारच्या काकूंनी गुडघा निरखून विचारलं, "बरा दिसूलालाय की गं! मग कुठं दुखूलालंय?" मला जागा दाखवता येईना.

आमचं बेळगावातलं शहापूर एकेकाळी सांगली संस्थानातलं, विणकरांचं. घरी माग होता. कांड्या भरतच मी वाढले. दिवसभर राबलं की मनगट दुखायचं, विसाव्यानं थांबायचं. दुखण्याला कारण असायचं आणि कारण गेलं की दुखणंही जायचं. संधिवातानं तो हिशेब मोडला.

डॉक्टरांनी माझा घोटा दाबला. तिथं सूज नव्हती, तरी मी कळवळले. मग त्यांनी पाठीवर, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास बोट टेकवलं. "गुडघ्याची खबर मज्जारज्जूत इथं पोचते." मज्जारज्जू माकडहाडापर्यंत जातो अशी माझी समजूत, तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो.

त्यांनी सांगितलं ते असं. सांधा महिनोन्महिने सुजलेला राहिला की तिथल्या नसा मज्जारज्जूकडे सतत इशारे पाठवतात. ग्लुटामेट, सबस्टन्स-पी ही रसायनं तिथं पाझरत राहतात. एरवी मॅग्नेशियममुळे बंद असणारे एनएमडीए रिसेप्टर उघडतात, कॅल्शियम पेशीत शिरतं आणि ती पेशी हळवी होते. मग साधा स्पर्शही तिला पुरतो. गुडघ्याच्या खबरा घेणारी पेशी घोट्यावरच्या दाबालाही उठते. भोवतीच्या मायक्रोग्लिया पेशी दाह वाढवणारी द्रव्यं सोडतात, आणि मेंदूकडून खाली येणारा आवरही अपुरा पडतो.

क्लिफर्ड वूल्फ यांनी लंडनमध्ये उंदरांवर प्रयोग करून १९८३ मध्ये मज्जारज्जू असा हळवा होतो हे मांडलं होतं. जखमेची जागा बधिर केली, तरी मज्जारज्जूचा वाढलेला प्रतिसाद टिकून राहिला. मला आमच्या गल्लीतले यंत्रमाग आठवले. वीज गेली तरी कानात खडखड चालूच असते. फरक इतकाच, की इथं तो भास नव्हे. पेशी खरोखर इशारा देत असते, आणि दुखतं तेही खरंच.

मेथोट्रेक्सेट चालूच राहिलं, कारण सूज परतली तर मज्जारज्जूवरचा मारा पुन्हा सुरू. जोडीला ड्युलोक्सेटिन आलं. मेंदूकडून येणारा आवर त्यानं बळकट होतो. चालणं आणि पुरेशी झोपही औषधातच धरायची, असं बजावण्यात आलं. सुधारणा सावकाश झाली, पुरती झालेली नाही. पण आता मी दोन गोष्टी वेगळ्या बघते. गुडघा गरम लागला, सुजला, सकाळी तासभर आखडला, तर थेट डॉक्टरांकडे. नुसती कातडी चुणचुणली, तर शिवाजी उद्यानाची फेरी चुकवत नाही. आणि तपासणीला गेले की काय लागलं म्हणजे दुखतं, कुठवर दुखतं, हे आपणहून सांगते. रक्ताच्या रिपोर्टात त्याला रकाना नाही.