चुलीचं वरचं तोंड

मुलांनो, यवतमाळहून अमरावतीच्या रस्त्याला लागलं, की वाटेत नेर लागतं. धुळे जिल्ह्यातही एक नेर आहे. आमचं ते 'नेर परसोपंत'. तालुक्याचं गाव, चोहीकडे कपाशी, तूर आणि सोयाबीनची शेतं. जानेवारीतल्या सकाळी एसटीतून उतरलात, तर गावाच्या कडेच्या घरांवर निळसर धुराचा पट्टा तरंगताना दिसेल. दुरून हे दृश्य फार छान वाटतं. पण त्या धुराच्या आत बसून कसं वाटतं, हे मला एका वहीमुळे कळलं.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीच्या वहीला नेहमी धुराचा वास यायचा. तिचे डोळे लाल असायचे, खोकला सुटायचा नाही. सलग चार दिवस ती शाळेत आली नाही, तेव्हा रविवारी मी तिच्या घरी गेलो.

टिनाच्या छपराचं घर. अंगणात पऱ्हाटीचा उंच ढीग. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली कपाशीची झाडं. आमच्या भागातलं हे फुकटचं इंधन! घरात गॅसची शेगडी होती, पण सिलिंडर पुरवून वापरायचा, म्हणून भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. पऱ्हाटी भरभर जळते. कुणीतरी चुलीपुढे बसून ती सारखी आत सारावी लागते. ते काम या मुलीकडे होतं. एका हातानं इंधन सारायचं आणि दुसऱ्या हातात वही!

आजीनं चूल सुंदर सारवली होती. चुलीला मागून पत्र्याचं धुराडं होतं, तरी खोलीत धूर कोंडला होता.

"आजी, धुराडं असून धूर आत कसा?"

"रोज सारवण असते गुरुजी या चुलीले. पण धूर तं राह्यतेच," आजी म्हणाल्या.

चूल रोज साफ व्हायची, पण धुराड्यात कित्येक वर्षांत कुणी डोकावलं नव्हतं. चुलीला दोन तोंडं असतात, मुलांनो. एक खालचं, जिथून आपण इंधन घालतो. दुसरं वरचं, छपराबाहेरचं. गरम हवा हलकी असते. ती धुराड्यातून वर चढते आणि चुलीतला धूर आपल्यामागे ओढून नेते. पण धुरातली काजळी नळीच्या आत थरावर थर चिकटत जाते. वाट अरुंद झाली, की धूर माघारी फिरतो. ओलं इंधन असेल तर काजळी आणखी लवकर धरते. साचलेली काजळी कधी कधी पेटते, आणि मग छपरालाच धोका!

त्या दिवशी आम्ही चूल विझवली आणि पूर्ण गार होऊ दिली. दुपारी मुलीच्या काकांनी नाकातोंडाला फडकं बांधलं आणि शिडी लावली. धुराड्याच्या टोपणाखाली काय निघालं असेल? चिमणीचं जुनं, रिकामं घरटं! मग दोरीला चिंध्यांचा घट्ट बोळा बांधून तो नळीतून वरखाली फिरवला. खाली घमेलं धरलं होतं. ते काजळीनं निम्मं भरलं! काकांचा चेहरा बघून मुलगी खो खो हसली, आणि हसता हसता खोकली.

चूल पुन्हा पेटवल्यावर आम्ही सगळे अंगणात धावलो आणि माना वर करून पाहू लागलो. धुराड्यातून धूर सरळ वर निघाला. आजी आत जाऊन बसल्या. पदर डोळ्यांना न लावता त्यांनी भाकरी टाकली.

धूर वर नेण्याची ही धडपड जुनी आहे. शेजारच्या वर्ध्याच्या मगनवाडीत १९४० च्या दशकात 'मगन चूल' तयार झाली. पुढे १९८३ पासून सरकारनं देशभर सुधारित चुलींचा कार्यक्रम चालवला. २००२ पर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. पण पुष्कळ चुली काही वर्षांतच बंद पडल्या. त्याचं एक मोठं कारण म्हणजे देखभाल नव्हती. चूल बसवणारा एकदा येतो. ती राखायची घरच्यांनाच.

तुमच्या घरी, आजोळी किंवा शेतावर चूल असेल, तर या गोष्टी मोठ्यांना जरूर सांगा :

राख रोज काढावी, पण गार झाल्यावरच. राखेत निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. ती पत्र्याच्या डब्यात काढावी. प्लॅस्टिकच्या बादलीत नको, आणि कडब्याजवळ तर मुळीच नको.

धुराडं ठरावीक दिवसांनी मोठ्यांनी साफ करावं. खोलीत धूर दिसू लागला, तर वाट न बघता लगेच.

इंधन वाळलेलं वापरावं आणि त्याचा ढीग चुलीपासून लांब ठेवावा. चुलीपुढे बसताना ओढणी, पदर, बाह्या सावरून घ्याव्यात. रॉकेल ओतून चूल कधीही पेटवू नये.

आणि थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नये. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस दगावतो.

पुढच्या आठवड्यात ती मुलगी शाळेत आली. खोकला अजून होता, पण कमी. वही तपासताना मी हळूच वास घेऊन पाहिला. धुराचा वास होताच. जुनी पानं ती, एवढ्यात कशी विसरतील?

"गुरुजी," ती म्हणाली, "आता मी दाराजवळ बसून अभ्यास करते. इंधन काका सारतात."

मुलांनो, तुमच्या चुलीचं वरचं तोंड शेवटचं कुणी पाहिलं होतं? आज घरी विचारा बरं!