आजीचा तांब्या

इलेक्ट्रिकलच्या पोरांना तांबं काही नवीन नाही. मशीन्सच्या लॅबमध्ये बघावं तिकडे वाइंडिंगच. पण हेच तांबं माणसाच्या मेंदूत जाऊन बसतं, हे मला माझ्या धाकट्या भावामुळे कळलं.

तो तेव्हा अकरावीत होता. पहिल्या पाचात येणारा पोरगा एकदम चिडचिड करायला लागला. एकटाच हसायचा. आईने जेवणात काहीतरी कालवलंय म्हणून ताट सरकवायचा. अक्षर बिघडलं, हात थरथरू लागला. शेजारच्या काकूंनी अंगारा आणून दिला. मानसिक आजाराच्या गोळ्या सुरू झाल्या, तर त्याचं अंग आणखीच ताठरलं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. त्याच्या हातून चहा सांडला. "नाटकं पुरे तुझी!" म्हणून मी त्याच्या थोबाडीत दिली. तो रडला नाही. नुसता बघत राहिला.

पुढे एका न्यूरॉलॉजिस्टने त्याचे डोळे तपासायला सांगितले. बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं निघालं. विल्सन्स डिसीज! १९१२ साली किनियर विल्सन यांनी या आजाराचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. अन्नातलं जादा तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. त्यासाठी लागणाऱ्या जनुकातच दोष असला, तर ते यकृतात, मेंदूत, डोळ्यांत साचत जातं. दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. अशा घरात प्रत्येक मुलाला धोका चारात एक. म्हणून माझीही तपासणी झाली. रिपोर्ट येईपर्यंत मी आरशात स्वतःचेच डोळे बघत बसायचो. मला आजार नव्हता. यात माझी हुशारी ती काय?

तांबं लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या, त्याही जन्मभर. मध्येच बंद केल्या तर जिवावर बेततं. काजू बंद, चॉकलेट बंद. रात्री पाणी भरून ठेवायचा आजीचा तांब्या तिने स्वतःच माळ्यावर टाकला.

मला वाटलं, रोग सापडला, आता महिन्याभरात गाडी रुळावर. तसं होत नाही. संशय लगेच जात नाही. तो गोळी थुंकून टाकायचा. आई रोज अर्धा अर्धा तास त्याच्याजवळ बसायची, सुट्टीत ती ड्यूटी माझी. वाद घालून काही उपयोग नसतो, नुसतं शेजारी बसायचं, हे मी आईकडून शिकलो. एकदा गोळी हातात धरून तो म्हणाला, "दादा, तेव्हा तू मला मारलं होतंस ना?"

"हो. माझं चुकलं."

जरा वेळाने म्हणाला, "पाणी दे."

मित्रांनो, आपल्या विंगमध्येही एखादा असा असेल. मेसला न येणारा, खोली आतून लावून बसणारा. प्रत्येकाच्या डोळ्यात काही कडं सापडत नाही. म्हणून त्याचा आजार खोटा ठरत नाही. त्याला 'सायको' म्हणण्याआधी त्याच्या खोलीवर जाऊन बसा. रेक्टर सरांना सांगा, डॉक्टरकडे सोबत जा. माझ्या भावासाठी मला हे वेळेवर सुचलं नाही, म्हणून लिहिलं.

– तृतीय वर्ष, विद्युत