रणगाड्याचं वजन
दिवाळीच्या किल्ल्यावर आमच्याकडे मावळ्यांच्या जोडीला एक रणगाडा असायचा. हिरवा, प्लॅस्टिकचा, चावीचा. मातीच्या तोफा दरवर्षी फुटायच्या, म्हणून त्याची भरती झालेली. मोठ्यांपैकी कुणीच हरकत घेतली नाही. माझी तक्रार वेगळीच होती. किल्ल्याच्या चढावर त्याची चाकं जागच्या जागी गरगरायची आणि तो अळिवाच्या रोपांत आडवा व्हायचा.

१९९४ मध्ये नगरला रणगाड्यांचं संग्रहालय उघडलं. पुढे एका सुट्टीत मामा मला तिथे घेऊन गेले. १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन तिथे उभा आहे. मामा सांगत होते, असल उत्तरला आपल्या जवानांनी शेतांत पाणी सोडलं आणि ही धुडं चिखलात रुतली. त्यांना अभिमान लढाईचा होता. मी मात्र त्या रुतण्यावरच अडकलो. आमचा चावीवाला रणगाडा कशातच रुतला नसता.

नोकरीने शेंद्र्याला आणलं. स्कोडाचा कारखाना २००१ पासून इथे आहे, आणि त्याच्या आगेमागे सुट्या भागांची कितीतरी युनिटं. पगार हातात खेळू लागल्यावर रिमोटवर चालणारा टायगर घेतला, मूळ रणगाड्याच्या सोळाव्या हिश्शाचा. दिसायला हुबेहूब. चालवला की मात्र खेळणं. दगड आला की चढण्याऐवजी उडायचा, थांबला की तोफेची नळी थरथरायची.

मग वजनाचं वेड लागलं. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगला पाच-दहा ग्रॅमच्या चिकटपट्ट्या वापरतात, त्या आणून पोटात लावल्या. गिअरबॉक्स पुढे असल्याने तो नाकावर झुकलेला असायचा, म्हणून भर मागच्या बाजूला. एवढ्यानेच तो स्प्रिंगांवर जरा खाली बसला. नंतर धातूचे पट्टे बसवले. दोन चाकांच्या मधे ते वरून किंचित लोंबतात, आणि रणगाडा रणगाड्यासारखा दिसतो तो निम्मा त्या लोंबण्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

पण धातूचे पट्टे प्लॅस्टिकचं स्प्रॉकेट खातात. ते धातूचं केलं, तर भार गिअरांच्या दातांवर. गिअर पोलादी केले, तर शाफ्टला बेअरिंग हवं, मोटारी दमदार हव्यात, आणि त्या बॅटरी भराभर पितात. लग्नघरात एका पाहुण्याची सोय केली की त्याच्यामागून आणखी चार उगवतात, तसं. खऱ्या टायगरचंही हेच दुखणं होतं. ५७ टनांखाली त्याचे गिअर आणि फायनल ड्राइव्ह कुरकुरायचे. रेल्वेने न्यायचा तर ७२५ मिलिमीटरचे रुंद पट्टे काढून ५२० चे घालावे लागत. रणगाडा बनवणारे वजन उतरवायला धडपडतात. लडाखसाठी आपल्याकडे जोरावर केला, तो २५ टनांच्या आसपास ठेवून. वजन मुद्दाम वाढवणारे आम्हीच.

एकदा कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत टूलरूमच्या सहकाऱ्याने हिशेब मांडला. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सोळापट कमी, म्हणजे वजन ४,०९६ पट कमी. ५७ टनांचे होतात जेमतेम १४ किलो. माझा तेव्हा सहा किलोच्या घरात होता, म्हणून मी खूश झालो; अजून वाव होता. त्याने डबा बंद करता करता उरलेलं सांगितलं. जमिनीवर टेकणारा पट्टा फक्त २५६ पट लहान होतो. म्हणजे १४ किलो भरले तरी मातीवरचा दाब खऱ्याचा सोळावा हिस्सा. मूळ टायगरइतका दाब हवा असेल तर या एवढ्याशा डब्यात २२३ किलो कोंबायला हवेत.

“शिसं ओतलंस तरी मावणार नाही,” तो म्हणाला.

मी आठ किलोंवर थांबलो. त्यापुढे स्प्रिंगा पूर्ण दबतात आणि पोट जमिनीला घासतं. कडक मुरमावर तो आता उडत नाही. दगडापाशी नाक उचलतो, क्षणभर तोलतो आणि पलीकडे सावकाश उतरतो. रुतण्यापुरतं मात्र मला पावसावर अवलंबून राहावं लागतं. मृगाच्या सरी पडल्या की कॉलनीमागच्या काळ्या रानात त्याला सोडतो. माती पट्ट्यांना लगडते, स्प्रॉकेटमध्ये दाटते, मोटारी ओरडू लागतात. मग चपला काढून मीच आत जातो आणि ओढून काढतो; घरी आल्यावर जुन्या टूथब्रशने कडी न कडी साफ करायला संध्याकाळ लागते.